यादीत नाव कोण घालतो?



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. एका संध्याकाळी आम्ही कचेरीतून घरी येऊन चहा घेत होतो, तोच आमच्या वस्तीतील एक माय दारात येऊन बसली. राळेगावच्या आसपासच्या शिवारात निंदणाला, कापूस वेचायला जाणारी ही बाई. तिचा मुलगा कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यातील एका शहरात गेला होता. तिथे बांधकामावरचे लोखंड चोरल्याचा आळ आला आणि पोरगा तुरुंगात गेला. पुढे कोर्टाने जामीन मंजूर केला. पण अट अशी, की जामीनदार त्याच शहरातला पाहिजे. त्या शहरात त्याला ओळखणारे कोण? मुकादमाने हात वर केलेले. मायजवळ घरटॅक्सची पावती होती, पण ती राळेगावची. आणि सातबारा तर तिच्या सात पिढ्यांत कोणाच्या नावावर नव्हता. जामीन मिळूनही दोन महिने पोरगा आतच होता.

तिने आम्हाला विचारले, "बाबू, आमच्या नातवानं मोबाईलात दाखवलं. तिकडच्या देशात म्हणे माणसाच्या बदल्यात माणूस सोडतेत. खरं हाय काय?"

आम्ही म्हणालो, "हो माय, खरं आहे."

"मंग तसं लिहून दे ना साहेबाले. मले ठेवा म्हणा, अन् पोराले सोडा."

आम्ही पेशाने कारकून. शिधापत्रिकेपासून निराधार योजनेपर्यंत शेकडो अर्ज आजवर लिहून दिले. परंतु या अर्जाचा नमुना आमच्याजवळ नव्हता. मायला काय उत्तर दिले ते शेवटी सांगू. त्याआधी हे 'माणसाच्या बदल्यात माणूस' प्रकरण काय आहे, ते आपण नीट समजून घेऊ. कारण त्यात आपल्या उपयोगाचे पुष्कळ आहे.

अंकाराच्या विमानतळावर

मायच्या नातवाने दाखवलेली चित्रफीत १ ऑगस्ट २०२४ ची होती. तुर्कस्तानच्या अंकारा शहरातील विमानतळावर त्या दिवशी कैद्यांची अदलाबदल झाली. रशिया आणि बेलारूसच्या तुरुंगांतून १६ जण सुटून आले. त्यांच्या बदल्यात अमेरिका, जर्मनी, पोलंड, स्लोव्हेनिया व नॉर्वे या देशांनी ८ जणांना रशियाच्या हवाली केले.

सुटून आलेल्यांत काही परदेशी पत्रकार व नागरिक होते, तसे रशियाचेच काही नागरिक होते. त्यांतील काहींचा गुन्हा एवढाच, की युक्रेनवरील युद्धाला त्यांनी उघड विरोध केला. व्लादिमीर कारा-मुर्झा यांना २५ वर्षांची शिक्षा झाली होती. इल्या याशिन यांना साडेआठ वर्षांची. मानवी हक्कांसाठी आयुष्य घालवलेले ओलेग ओर्लोव सत्तरी ओलांडलेले. आणि साशा स्कोचिलेंको ही तरुण चित्रकार! तिने काय केले होते? दुकानातील मालावरच्या किमतीच्या चिठ्ठ्या काढून त्या जागी युद्धाविरुद्ध मजकूर लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या. तेवढ्यासाठी सात वर्षांची सजा. हातात दगड नाही, काठी नाही. केवळ चिठ्ठी.

उलट बाजूला कोण गेले? वादिम क्रासिकोव्ह हा त्यांतील मुख्य. २०१९ मध्ये बर्लिनच्या एका बागेत भरदिवसा खून केल्याबद्दल जर्मनीत जन्मठेप भोगत असलेला माणूस. स्लोव्हेनियात खोट्या नावाने राहून हेरगिरी करणारे एक नवरा-बायको व त्यांची दोन लेकरे. आपले आईबाप रशियन आहेत, हे त्या लेकरांना विमानात बसल्यावर कळले! त्यांना रशियन भाषा येत नव्हती. राज्यकर्त्यांच्या खेळात लेकरांची काय गत होते, याचा विचार आयाबहिणींनी अवश्य करावा.

अशी अदलाबदल होते कशी? एकमेकांशी न बोलणारी दोन सरकारे असतात, म्हणून मध्ये तिसरा लागतो. दोन्हीकडून नावांच्या याद्या होतात, नावे खोडली जातात, नवी घातली जातात. कोणाचाच कोणावर भरवसा नसल्यामुळे दोन्हीकडची माणसे एकाच वेळी सोडतात. या तिन्हींत सर्वांत मोठी गोष्ट यादी. ज्याचे नाव यादीत आले, तो वाचला. अलेक्सेई नवाल्नी यांचे नाव यादीत यावे, म्हणून प्रयत्न चालू होते. परंतु १६ फेब्रुवारी २०२४ रोजी ते आर्क्टिक प्रदेशातील तुरुंगात मरण पावले. यादी नंतर पूर्ण झाली.

गोवा सुटला, माणसे राहिली

वाचकहो, हे सारे दूरदेशीचे वाटेल. परंतु आपल्या देशानेही हे पाहिले आहे, आणि त्यातला एक कैदी आपल्या महाराष्ट्रातला होता.

सांगलीचे मनोहर आपटे हा तरुण गोव्यात शिक्षक म्हणून गेला आणि तिथे 'मोहन रानडे' या नावाने वावरू लागला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार. सभा बंदी, लेखन बंदी, 'भारतात विलीन व्हायचे' एवढे म्हटले तरी तुरुंग. रानडे आझाद गोमंतक दलात सामील झाले. हे दल सशस्त्र होते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ते सत्याग्रही नव्हते. ऑक्टोबर १९५५ मध्ये पणजीसमोर, मांडवी नदीच्या पलीकडच्या बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते गोळी लागून जखमी झाले व पकडले गेले. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. पुढे पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यातील तुरुंगात त्यांना ठेवले. अनेक वर्षे एकांतवासात गेली.

दुसरे कैदी तेलो मास्कारेन्हस. यांचा मार्ग निराळा. १८९९ साली गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले, पोर्तुगालमधील कोइंब्रा विद्यापीठात कायदा शिकलेले. कवी, लेखक. टागोरांचे साहित्य त्यांनी पोर्तुगीज भाषेत नेले. मुंबईहून त्यांनी 'रेसुर्जे गोवा' म्हणजे 'गोव्या, ऊठ' या नावाचे पत्र चालवले. त्यांचे हत्यार लेखणी. त्यांनाही पकडले आणि पोर्तुगालच्या तुरुंगात धाडले.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेनेने दोन दिवसांत गोवा मुक्त केला. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर वास्सालो ई सिल्वा शरण आला. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक आपल्या ताब्यात आले. सालाझारने त्यांना मरेपर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता, तो त्यांनी मानला नाही. या रागाने पोर्तुगाल त्यांना परत घ्यायला टाळाटाळ करीत राहिला. उलट मोझांबिक या आपल्या वसाहतीत राहणाऱ्या भारतीयांना त्याने छावण्यांत डांबले. अखेर मे १९६२ मध्ये ते सैनिक विमानाने कराचीला आणि तिथून बोटीने लिस्बनला गेले. मायदेशी त्यांचे स्वागत बंदुका रोखून झाले. गव्हर्नरला पुढे सैन्यातून काढून टाकले.

तीन हजार सैनिक परत गेले. आणि रानडे? मास्कारेन्हस? ते तिकडेच राहिले!

असे का व्हावे? युद्धात पकडलेला सैनिक युद्ध संपल्यावर परत द्यायचा असतो, असा जिनिव्हा कराराचा नियम आहे. तो नियम भारताने पाळला, ते योग्यच झाले. युद्धकैद्याला ओलीस धरणे हे सभ्य राज्याचे लक्षण नव्हे. परंतु पोर्तुगालच्या दफ्तरात रानडे युद्धकैदी नव्हते. शिक्षा झालेले गुन्हेगार होते. त्यांची फाईलच वेगळी. माणूस कोणत्या फाईलीत पडला, यावर त्याचे नशीब ठरते, हे आमच्यासारख्या कारकुनाला कोणी वेगळे सांगायला नको. ज्या मातीसाठी रानडे तुरुंगात गेले, ती माती मोकळी झाली, तिथे निवडणुका झाल्या, सरकार आले. रानडे मात्र पुढे आणखी सात वर्षे काशियासच्या कोठडीत होते.

पोपकडे कोण गेले?

भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध १९५५ सालीच तुटलेले. लिस्बनमध्ये आपला वकील नाही, दिल्लीत त्यांचा नाही. मग विचारायचे कोणी आणि कोणाला?

तरी काही माणसे विचारीत राहिली. लोकसभेत या कैद्यांबद्दल प्रश्न विचारले गेले. महाराष्ट्रात रानड्यांच्या सुटकेसाठी समिती स्थापन झाली. गायक-संगीतकार सुधीर फडके त्या कामात पुढे होते. आणि एक माणूस असा पुढे आला, की ज्याचा गोव्याशी, मराठीशी, पोर्तुगालशी काडीचा संबंध नव्हता. ते म्हणजे तामिळनाडूचे (तेव्हाचे मद्रास राज्य) मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई.

अण्णादुराई कोण, हे आमच्या वाचकांना सांगायला पाहिजे. कांचीपुरमच्या विणकर समाजातील साध्या घरातला हा माणूस. पेरियार रामस्वामींच्या स्वाभिमान चळवळीत घडला, पुढे द्रविड मुन्नेत्र कळघम हा पक्ष काढला आणि १९६७ साली मुख्यमंत्री झाला. देवधर्म व पुरोहितशाही यांच्यावर टीका करीत वाढलेली ही चळवळ. १९६८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या निमंत्रणावरून ते परदेशी निघाले, तेव्हा वाटेत रोमला थांबून त्यांनी पोप सहावे पॉल यांची भेट घेतली. हे पोप १९६४ साली मुंबईला येऊन गेले होते. पोर्तुगाल हा कॅथलिक देश, तेव्हा पोपचा शब्द तिथे वजनाचा. अण्णादुराईंनी पोपकडे मागितले काय? आपल्या राज्यासाठी काही नाही, पक्षासाठी काही नाही. मोहन रानडे यांची सुटका मागितली.

बंधू-भगिनींनो, या ठिकाणी क्षणभर थांबा. ब्राह्मणेतर चळवळीतला एक तमिळ पुढारी, कॅथलिक धर्मगुरूकडे जाऊन, सांगलीच्या आपटे घराण्यातील एका मुलासाठी रदबदली करतो! दोघांची भाषा एक नाही, जात एक नाही, राजकारण एक नाही. आपण मात्र कित्येकदा एखाद्यासाठी सही द्यायच्या आधी विचारतो, 'तो आपला आहे काय?' अण्णादुराईंच्या हिशेबात तुरुंगात पडलेला माणूस हाच आपला होता.

सप्टेंबर १९६८ मध्ये आजारी सालाझारच्या जागी काएतानो पंतप्रधान झाला, आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. तेरा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता. ३ फेब्रुवारी १९६९ रोजी अण्णादुराई कर्करोगाने वारले. ज्याने आपले नाव पोपच्या कानी घातले, त्याचे आभार मानायला रानड्यांना मद्रासला त्यांच्या समाधीपाशीच जावे लागले. रानड्यांना पुढे २००१ साली पद्मश्री मिळाली. जून २०१९ मध्ये ते पुण्यात निवर्तले.

फादरच्या बदल्यात लेखक

रानडे आले तरी मास्कारेन्हस आतच होते. त्यांची सुटका झाली १९७० साली, आणि ती मात्र खऱ्या अर्थाने अदलाबदल होती.

गोव्यात जन्मलेले फादर फ्रान्सिस्को मोन्तेरो, लोक त्यांना फादर शिकू म्हणत. गोवा भारतात आल्यावर १९६२ साली तिथल्या लोकांना भारतीय नागरिकत्व मिळाले. ज्यांना नको असेल त्यांनी तसे लिहून द्यावे, अशी मुभा होती. फादर मोन्तेरोंनी लिहून दिले, की मी पोर्तुगीज नागरिकच राहीन. परकीय नागरिक म्हणून त्यांना नोव्हेंबर १९६४ पर्यंत राहण्याचा परवाना मिळाला. मुदत संपल्यावर त्यांनी तो वाढवून मागितला नाही आणि देशही सोडला नाही. जन्मभूमीत राहायला परवाना कशाला मागू, अशी त्यांची भूमिका. खटला झाला. ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड. फादर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मार्च १९६९ मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या न्यायपीठाने त्यांचे अपील फेटाळले. पुढे पोपच्या मध्यस्थीने तोडगा निघाला. भारताने फादर मोन्तेरोंना मोकळे केले आणि पोर्तुगालने सत्तरीच्या मास्कारेन्हसना.

आम्हाला या दोघांच्या प्रकरणांतील फरक महत्त्वाचा वाटतो. दोघेही गोव्याचे. दोघांनीही आपल्याला न पटणाऱ्या राजवटीला 'नाही' म्हटले. पण एकाला वर्षानुवर्षांचा तुरुंग मिळाला, दुसऱ्याला ३० दिवसांची सजा आणि सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडण्याची संधी. ते हरले, पण त्यांचे म्हणणे ऐकून, कारणे लिहून निकाल दिला गेला. हा फरक कोणामुळे पडला? बाबासाहेबांच्या हातून घडलेल्या संविधानामुळे. कलम २१ मध्ये जीविताचे व स्वातंत्र्याचे संरक्षण 'नागरिकाला' नव्हे, तर 'व्यक्तीला' दिलेले आहे. जो म्हणतो मी तुमचा नागरिक नाही, त्यालाही ते लागू आहे. आपल्या घरातील मुलांना हा एक शब्द मुद्दाम दाखवावा.

आणि पोर्तुगालचे काय झाले? २५ एप्रिल १९७४ रोजी तिथली हुकूमशाही कोसळली. दोन दिवसांत काशियासचे दरवाजे उघडले आणि पोर्तुगालचेच राजकीय कैदी बाहेर आले. त्या वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचे मान्य केले. रानड्यांसाठी कोणी विचारले नसते, तर कदाचित या दिवसाची वाट पाहत त्यांना आणखी पाच वर्षे काढावी लागली असती.

सौदा की न्याय?

आता एक अवघड प्रश्न. असा सौदा करावा काय? चिठ्ठ्या लावणाऱ्या मुलीच्या बदल्यात खुनी सोडायचा? ज्याचा बर्लिनमध्ये खून झाला त्याच्या घरच्यांना काय वाटले असेल? शिवाय एकदा किंमत मिळते असे दिसले, की हुकूमशहा आणखी माणसे पकडून ठेवील. हा आक्षेप खोटा नाही.

दुसरेही एक दुःख आहे. १८ डिसेंबर १९७६ रोजी स्वित्झर्लंडच्या झुरिक शहरात अशीच अदलाबदल झाली. सोव्हिएत रशियाने आपला विरोधक व्लादिमीर बुकोव्स्की दिला आणि चिलीच्या लष्करशहाने आपला विरोधक, कम्युनिस्ट नेता लुईस कोर्वालान दिला. म्हणजे दोन्ही सरकारांनी आपापली नको असलेली माणसे एकमेकांच्या अंगणात टाकली! सुटका झाली, पण देश गेला. २०२४ साली याशिन यांनी बाहेर आल्यावर हेच सांगितले, की मी जायला तयार नव्हतो, मला माझ्या इच्छेविरुद्ध देशाबाहेर काढले. आपल्याऐवजी एखाद्या आजारी कैद्याला सोडायला हवे होते, असे त्यांचे म्हणणे होते. माफीचा अर्ज लिहून द्यायलाही त्यांनी आणि कारा-मुर्झांनी नकार दिला होता. मास्कारेन्हस सुटले ते आपल्या माणसांत आले. याशिन सुटले ते आपल्या माणसांतून उठले.

आमचे मत विचाराल तर असे आहे. जिवंत माणूस कोठडीतून बाहेर येत असेल तर आधी तो येऊ द्यावा. ज्याचा लेक आत आहे, त्या आईसमोर उभे राहून 'तत्त्वासाठी नको' म्हणण्याची हिंमत आमच्यात नाही. परंतु या सौद्याला न्याय म्हणू नये. न्याय तो, की ज्यात चिठ्ठी लावणाऱ्याला मुळात पकडलेच जात नाही.

आपल्या दारातला तुरुंग

परदेशी तुरुंगातील माणसासाठी निदान दुसरे सरकार सौदा तरी करते. स्वतःच्याच देशात आत पडलेल्या माणसाचे काय? त्याच्या बदल्यात कोण काय देणार? आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातील राजूरचे सुपुत्र, लेखक व विचारवंत आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, भीमा कोरेगाव प्रकरणात आत गेले. उच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधानदिनी, बाहेर आले. मध्ये अडीच वर्षांहून अधिक काळ गेला. आरोप सिद्ध झालेला नसताना गेला. त्याच प्रकरणातील वयोवृद्ध फादर स्टॅन स्वामी तर ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची वाट पाहतच वारले. तेलतुंबड्यांचे नाव देशाला ठाऊक होते, म्हणून विचारणारे होते, लिहिणारे होते. मायच्या पोराचे नाव कोणाला ठाऊक?

तो पोरगा राजकीय कैदी नव्हे, हे आम्ही जाणतो. त्याने चोरी केली की नाही, ते कोर्ट ठरवील. पण जामीन मिळूनही केवळ ओळखीचा माणूस नाही म्हणून आत राहणे, ही गरिबीची शिक्षा आहे. ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही.

त्या संध्याकाळी आम्ही मायला म्हणालो, "माय, तुला ठेवायची गरज नाही. एक कागद पाठवू." सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी जामिनाबाबत सूचना दिल्या आहेत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे. महिनाभरात जामीनपत्र भरले गेले नाही, तर कोर्ट अटी सैल करण्याचा विचार करू शकते. आणि स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे कैदी अडकून पडतात, तेव्हा अशी अट घालू नये, असेही त्यात म्हटले आहे. आम्ही हे सारे अर्जात लिहिले, मायचा अंगठा घेतला आणि त्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाला रजिस्टर पोस्टाने पाठवले. पोच आली. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र पाठवले. पुढे प्राधिकरणाच्या वकिलाने कोर्टापुढे अर्ज केला, स्थानिक जामीनदाराची अट निघाली आणि पोरगा स्वतःच्या जातमुचलक्यावर सुटला. खटला चालू आहे. तारखेला तो जातो.

यात आमचा मोठेपणा नाही. कागदाला पाय नसतात, माणसाने चालवला तर तो चालतो, एवढेच. म्हणून वाचकांना काही गोष्टी सुचवतो.

आपल्या वस्तीतील, गावातील कोणी आत असेल, तर एका वहीत त्याचे नाव, कोणत्या तुरुंगात आहे, खटला क्रमांक, कलमे, पुढची तारीख आणि वकिलाचे नाव लिहून ठेवावे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक किंवा कोठडीत असलेली व्यक्ती, यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार वकील मोफत मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याला विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज चालतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडायचे असते. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असणाऱ्यांना हे लागू नाही. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी, नक्कल जपून ठेवावी आणि उत्तर आले नाही तर स्मरणपत्र धाडावे. विहारात रविवारी जमतो, तेव्हा ही वही एकदा वाचून दाखवावी. शिकलेल्या मुलामुलींनी अर्ज लिहून द्यावेत. नोकरी लागायच्या आधी याच्यासारखे शिक्षण नाही.

पोरगा घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी माय त्याला घेऊन आमच्याकडे आली. आम्हाला वाटले, आभार मानायला आली असेल. तिने पोराला पुढे ढकलले आणि म्हणाली, "सांग ना रे बाबूले त्याचं नाव." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "याच्या बराकीत आणखी एक पोरगं हाय. परप्रांतातलं. त्याले ना माय, ना बाप. तारखेले कोणी येत नाही. त्याचं बी लिहून घे."

आम्ही वही उघडली आणि नाव लिहून घेतले.

वाचकहो, तुमच्याही घरात एखादी कोरी वही असेलच. ती आज काढा.

जयभीम!